कुस्तीवरचा लघुपट: वस्ताद आणि पोरगा. पटकथा, हौदा, चित्रीकरण यांबद्दल सल्ला हवा

पडद्यामागचा

नमस्कार मंडळी. कुस्तीवर 28 मिनिटांचा मराठी लघुपट करायचा आहे. गोष्ट थोडक्यात अशी: गावाकडचं 19 वर्षांचं पोरगं कोल्हापूरच्या एका तालमीत राहायला येतं. वस्ताद जुने नावाजलेले पैलवान. पोरगा पडत राहतो, वस्ताद त्याला घडवतात, त्याला स्वतःची ओळख पटते आणि शेवटी तो मैदान मारतो. मसुदा ज्यांनी वाचला त्यांचं एकच म्हणणं: "हे पाहिलंय." ते खरंही आहे.

विचारायचं ते असं. वस्तादांच्या तोंडी भाषणं न घालता गुरुशिष्याचं नातं कसं दाखवावं? मुख्य नट नाटकातला आहे, उंची 5 फूट 4 इंच, बांधा मजबूत, कुस्ती अजिबात येत नाही. तो चालेल की सरळ पैलवानच घ्यावा? हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) स्वतः करावा की तालमीतच शूट करावं? बजेट साडेतीन लाख, शूटिंग 6 दिवस. सुरुवातीला जत्रेतल्या लहान मुलांच्या कुस्तीचा एक प्रसंगही आहे.

शड्डू

मसुदा पाहिलेला वाटतो, कारण तुमच्या वस्तादांना गोष्टीत काहीच बदलावं लागत नाही. ते पहिल्यापासून बरोबर, पोरगा पहिल्यापासून चूक, आणि शेवटी पोरगाही बरोबर. मग वस्तादांना शिट्टी वाजवण्यापलीकडे काम उरत नाही.

कुस्तीतच याचं उत्तर आहे: हुकमी डाव. नाव कमावलेल्या पैलवानाचा एक डाव असा असतो की तो येणार हे समोरच्याला माहीत असतं, तरी अडवता येत नाही. पुढे वस्ताद झाल्यावर तोच डाव पोरांच्या अंगात उतरवायचा मोह होतो, कारण त्यातली मेख त्यांनाच ठाऊक असते. पण डाव शरीराच्या मापाने बसतो. तुमचे वस्ताद सहा फुटी, लांब पायांचे, बाहेरच्या टांगेवर (समोरच्याच्या पायात बाहेरून पाय अडकवून पाडायचा डाव) मैदानं मारलेले असे करा. नट 5 फूट 4 इंच आहे ना? उत्तम. आखूड पायाच्या पोराने बाहेरची टांग मारली की पाय पुरत नाही. पाय पुरवायला तो मागे रेलतो, एका पायावर उभा राहतो, समोरचा आपला पाय सोडवून नुसता छातीने रेटतो आणि हा पाठीवर. म्हणजे पोरगा आळशी किंवा भित्रा म्हणून पडत नाही, वस्तादांचं ऐकतो म्हणून पडतो. इथे गोष्ट सुरू होते.

याच पोराला एकेरी पट (एक पाय धरून पाडणं) आणि कलाजंग (खाली शिरून खांद्यावर उचलून टाकणं) बसेल. बुटका पैलवान समोरच्याच्या काखेखालून सहज आत शिरतो. हे वस्तादांच्या आधी प्रेक्षकाला दिसू द्या: मोकळ्या वेळेत पोरगा एका थोराड गड्याशी मस्ती करतोय आणि कुणी न शिकवता त्याच्या पोटाखाली शिरून त्याला खांद्यावर घेतो. वस्ताद दारातून बघतात, बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी लढतीला त्याची जोड बदलतात, बुटक्याऐवजी उंच पोरं समोर घालतात. शिकवणं झालं, एक शब्द न बोलता.

पुढची अडचण खरी रंगतदार आहे. वस्तादांना कलाजंग जुजबीच येतो, तो त्यांचा डाव नव्हता. तो पक्का येतो शेजारच्या तालमीतल्या त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला. कोल्हापुरात तालमी-तालमींतली ईर्षा काय असते हे कुणाला सांगायला नको. पोरासाठी त्या दारात जायचं की नाही, हा तुमच्या लघुपटाचा मधला भाग. पोराला स्वतःची ओळख पटते तशी वस्तादांनाही पटते, आणि दोन्ही गोष्टी एकाच डावात बसतात.

संवाद तोडा. हौद्याच्या काठावरून वस्ताद बोलतात ते असं: "खाली बस." "मान वर." "पाय कुठाय?" "परत." शाबासकी बहुतेक वेळा मिळतच नाही. मिळालीच तर पाठीवर थाप किंवा खुराकात वाढ. नवीन पोराच्या वाट्याला येतं ते दाखवा: माती खणणं, पाणी मारणं, मोठ्या पैलवानांची मालिश, रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून कुंडीत घोटणं. पहिल्या दिवशी हजार जोर आणि दोन हजार बैठका असलं काही लिहू नका. नव्या पोराने तेवढं केलं तर आठवडाभर जिना उतरता येणार नाही, हे कुठलाही पैलवान प्रेक्षक ओळखेल. शंभर जोर, दोनशे बैठका इथून चढवा.

प्रगती दाखवायला गाण्यावर पळणारी दृश्यमालिका नको. जत्रेच्या मैदानात इनामाचा चढता क्रम असतोच: पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शेकड्यांतल्या, मग हजारांतल्या, शेवटी मोठी जोड. पोराचं नाव निवेदक कितव्या कुस्तीला पुकारतो एवढ्यावर दोन वर्षं सरतात.

मातीकाम

हौद्याबद्दल. चालत्या तालमीत शूट करणं स्वस्त वाटतं, पण सकाळ-संध्याकाळ पोरांचा सराव असतो. तुम्हाला मिळणार 11 ते 3, आणि तेवढ्यात सहा दिवसांत 28 मिनिटं निघणार नाहीत. जोर-बैठका, खुराक, झोपायची खोली, मारुतीसमोरचे प्रसंग तालमीत घ्या. लढती स्वतःच्या हौद्यात. तालमीत गेलात तर रिवाज आधी विचारा. चपला-बूट हौद्याच्या बाहेर, आणि ट्रायपॉडचे पाय वस्तादांना विचारल्याशिवाय आत नाहीत.

16 बाय 16 फूट पुरे. एक फूट जाडीसाठी 256 घनफूट म्हणजे साधारण अडीच ब्रास माती (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ही भुसभुशीत मोजणी झाली. दोन दिवस तुडवल्यावर 8 ते 9 इंच उरते, म्हणून तीन ब्रास मागवा. खाली काँक्रीट असेल तर जागा बदला. एवढ्या मातीवर उचलून आपटलं की माकडहाडाला खालचं काँक्रीट लागतं. लाल माती आणा आणि सगळी चाळा. खडे, मुळं, काच आणि खिळे निघतात, विशेषतः बांधकामाच्या ढिगातून आलेल्या मातीत. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग पहिल्याच दिवशी कुणाचा तरी गुडघा फाटतो.

तालमीत मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव (लाल गेरू) असं बरंच घालतात. प्रमाण तालमीगणिक वेगळं. शूटिंगपुरतं माझं मत: तेल 5 लिटर, हळद 5 किलो, रंग फिका असेल तर काव, आणि ताक 20 लिटरच्या वर नको. पत्र्याच्या शेडमध्ये ओली माती बंद राहिली की ताक आंबून असा वास सुटतो की कॅमेरावाले आधी पळतात. तेलाचं खरं काम धूळ दाबणं आणि माती मऊ ठेवणं. शूटिंगच्या किमान चार दिवस आधी कालवून रोज फावड्याने खालीवर करा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी जड फळी ओढून सारखी करा.

ओल बरोबर आहे का ते मुठीत कळतं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. तळहाताला चिकटली तर जास्त ओली, मूठ उघडताच सांडली तर कोरडी. कोरडी माती डोळ्यात आणि लेन्सवर, ओली माती अंगावर ढेकळं. शिवाय ओली माती गडद दिसते आणि दुपारपर्यंत फिकी पडते, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा शॉट जोडला जात नाही. दर दोन तासांनी बारीक फवारा द्या. पंप नवा घ्या, शेतात औषध मारलेला नको. तो कितीही धुतला तरी नको, उघड्या अंगाची माणसं त्यात लोळणार आहेत.

हळद घातली म्हणजे माती निर्जंतुक झाली असं नाही. हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वाताची लस झालेली आहे का ते पाहा. कुणाच्या अंगावर गजकर्ण असेल तर तो बरा होईपर्यंत बाहेर, कारण अंगाला अंग लागून ते सगळ्या युनिटला होतं. लंगोट आणि जांघिये प्रत्येकाचे वेगळे, किमान चार जोड.

तिसरा_कॅमेरा

कुस्तीच्या दृश्यात सर्वांत जास्त घोटाळा अंगावरच्या मातीचा होतो. प्रत्येक टेकनंतर माती वाढते. आधी पाठ माखलेली, पुढच्या शॉटला स्वच्छ, असं संकलनात लगेच दिसतं. म्हणून लढत क्रमानेच शूट करा, आणि दर शॉटनंतर दोन्ही पैलवानांचे समोरून, मागून आणि दोन बाजूंनी असे चार फोटो काढा. स्वच्छ अंगाचे शॉट, सलामी आणि खडाखडी (सुरुवातीची हातांची झटापट) सकाळी उरका. एकदा माखल्यावर आंघोळ घालून परत आणणं म्हणजे प्रत्येक वेळी पाऊण तास.

वेग: साधी लढत सेकंदाला 25 फ्रेम, डावाचा क्षण 50 फ्रेम. याहून हळू क्वचितच. सगळंच संथ केलं की वजन जातं, माणसं तरंगल्यासारखी दिसतात. तालमीत ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असतील तर झगमग येईल. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ, तेव्हा 25 फ्रेमला शटर 1/50 आणि 50 फ्रेमला 1/100 ठेवा. 100 फ्रेम हवे असतील तर तालमीतले दिवे बंद, आपले न झगमगणारे दिवे लावा किंवा दिवसाचा उजेड वापरा.

कॅमेरा कमरेखाली. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून कुस्ती म्हणजे नुसत्या पाठी दिसतात. काठावर बसून 35 मिमीची लेन्स, आणि पकडी, बोटं, कान यांसाठी 85. हौद्यात लेन्स बदलायची नाही, शेडच्या बाहेर जाऊन बदला. पुढे साधा यूव्ही फिल्टर कायम. धूळ ब्लोअरने उडवा, कपड्याने पुसाल तर चरे पडतील.

शड्डू यांच्या पटकथेचा एक फायदा त्यांनी सांगितलेला नाही. बाहेरची टांग कॅमेऱ्यात पायांच्या गुंत्यात हरवते, कुस्ती न कळणाऱ्याला कोण का पडला ते समजत नाही. कलाजंगमध्ये अख्खा माणूस खांद्यावर दिसतो. फसलेला डाव गुंत्यातला आणि जमलेला डाव उघडा, हे पडद्यावर आपोआप जमून येतं.

आवाज: उघड्या अंगाला लेपल माइक लावता येत नाही. बूम (लांब काठीवरचा माइक) काठावरून, आणि श्वास, मातीची धप, मांडीवर थाप मारायचा शड्डू हे सगळं वेगळं ध्वनिमुद्रित करा. हलगी, घुमकं, कैताळ ही मैदानातली वाद्यं शॉट चालू असताना वाजवू देऊ नका, प्रत्येक कटला ठेका उडेल. वाजंत्र्यांना अर्धा दिवस वेगळा द्या. संथ, मध्यम, चढती अशा तीन लयी प्रत्येकी पाच मिनिटं सलग घ्या.

कानांकडे लक्ष द्या. घासून आणि मार लागून कुर्चा आणि कातडीच्या मधे रक्त साचतं, ते तसंच घट्ट झालं की कान मोडतो. वस्तादांचा कान मोडलेला नसेल तर बाकी सगळं खोटं वाटेल. सिलिकॉनचा कान लावता येतो, पण घामाने कडा सुटतात. पोराला तो फक्त शेवटच्या भागात आणि लांबच्या शॉटला.

गादीवाला

वरचं बहुतेक पटलं. पण शेवटची कुस्ती मातीतच का? महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. मातीतलं पोरगं गादीवर गेलं की काय होतं हा मोठा विषय आहे. खाशाबा जाधव 1948 ला ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाने त्यांच्याकडून तयारी करून घेतली आणि ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक. परका मार्गदर्शक आणि कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, हे नातंही लेखकाने लक्षात ठेवावं असं आहे.

मातीत पाय रुततो, डाव सावकाश येतो, दमवून मारता येतं. गादीवर बूट, पाय सरकत नाही, 3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे 30 सेकंद. दमवायला वेळच नाही. वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला 1 गुण. खाली घेतलं की 2, उभ्यावरून उचलून थेट पाठीवर टाकलं की 4.

आणि इथे कलाजंग कामाला येतो. गुण समान झाले तर आधी कुणाचा डाव जास्त मोलाचा ते बघतात. पोरगा 0-4 ने मागे, समोरच्याने दोनदा 2-2 घेतलेत. शेवटच्या वीस सेकंदांत कलाजंग: 4-4. फलकावर बरोबरी, पण पोरगा जिंकला, कारण त्याचे चार गुण एकाच डावाचे. नियमात बसतं, आणि दोन सेकंद कुणालाच कळत नाही कोण जिंकलं. वस्तादांनाही, ते मातीतले असल्यामुळे.

एक सावधगिरी. कुस्तीगीर गीता फोगट आणि तिच्या वडिलांवरच्या 'दंगल' चित्रपटात राष्ट्रीय प्रशिक्षक खलनायकासारखा दाखवला तेव्हा खऱ्या प्रशिक्षकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली गीता फोगटची अंतिम लढत खरं तर एकतर्फी होती, पडद्यावर ती अटीतटीची झाली. तुमची गोष्ट काल्पनिक असेल तर तालमीचं नावही काल्पनिक ठेवा, आणि जिथे शूट कराल तिथली पाटी फ्रेमबाहेर.

शड्डू

गादीवाला, नियम चोख, पण 28 मिनिटांत हे समजावणार कधी? मातीत दोन्ही खांदे टेकले की आजीलाही कळतं. गादी आणली तर बूट, सिंगलेट (अंगाबरोबरचा पोशाख), पंच, फलक, सभागृह, सगळा खर्च वाढतो. साडेतीन लाखांत नाही बसत. माझं मत मातीच. तो 4-4 चा प्रसंग मात्र पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी राखून ठेवा, फुकट घालवण्यासारखा नाही.

पडद्यामागचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवट मातीतच ठेवतो, आणि वस्तादांनी दुसऱ्या तालमीच्या दारात जाणं हा मधला भाग नक्की. आता दोन प्रश्न. कुस्ती न येणाऱ्या नटाकडून कलाजंग सुरक्षित कसा करून घ्यायचा? आणि जत्रेच्या प्रसंगात 10 वर्षांची दोन मुलं आहेत, शिवाय तालमीच्या मागे म्हैस बांधलेली दाखवायची आहे. त्याला काही परवानगी?

शड्डू

तीन महिने द्या, आठवड्यातून पाच दिवस. पहिला महिना फक्त पवित्रा, खडाखडी, मान आणि कंबर. प्रेक्षक डावापेक्षा पवित्र्यावरून ओळखतो की हा पैलवान नाही: गुडघे ताठ, वजन टाचेवर, हात छातीसमोर न ठेवता लोंबकळत. समोरचा मात्र खरा पैलवानच घ्या. पडणं ही अर्धी कुस्ती आहे आणि ते त्याच्या हातात असतं.

कलाजंगचा क्रम: समोरच्याचा हात मानेवर येऊ द्यायचा, तोच दंड घट्ट धरायचा, एक गुडघा त्याच्या दोन पायांच्या मधे टेकवत खाली जायचं, डोकं काखेखालून बाहेर, दुसरा हात त्याच्या मांड्यांमधून. त्याचं पोट खांद्यांवर आलं की दंड खाली ओढायचा, तो पलीकडे पाठीवर. बिघडतं ते तीन ठिकाणी. गुडघा लांब टेकला की पाठ वाकते आणि सगळं वजन कमरेच्या मणक्यावर. नजर खाली गेली की मानेवर. आणि दंड सुटला की वरचा घसरतो आणि हात टेकायला जातो, तिथे मनगट किंवा कोपर जातं. म्हणून पडणाऱ्याला सांगायचं: हनुवटी छातीला, मोकळा हात अंगाशी.

हा डाव सलग शूट करू नका. पकड, खाली शिरणं, खांद्यावर घेणं आणि पडणं असे चार तुकडे. नटाच्या चेहऱ्याचे पहिले दोन. तिसऱ्यासाठी समोरचा 60 किलोच्या आसपासचा. चौथ्याला नटाच्या जागी पाठमोरा पैलवान डबल, पोराएवढ्याच उंचीचा आणि तसेच केस कापलेला. उचलण्याच्या टेक दिवसाला आठपेक्षा जास्त नकोत आणि त्याही जेवणाआधी. दुपारी पोट भरलेलं आणि पाय थकलेले असतात, तेव्हाच मान लचकते. डॉक्टर किंवा फिजिओ जागेवर हवा, मान धरायचा पट्टा आणि स्ट्रेचर हौद्याच्या काठावर.

कागदपत्रं

मुलांसाठी: 14 वर्षांखालचा बालकलाकार असेल तर शूटिंगआधी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, पालकांची संमती सोबत. दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांच्या वर नाही, मानधनातली किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. शाळा बुडू नये म्हणून तो प्रसंग रविवारी लावा. तालमीतलीच पोरं घेतलीत तर त्यांना पडायची सवय असते, पण नियम त्यांनाही तेच.

म्हैस: प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधीच घ्यावी लागते, आणि सेन्सॉरकडे जाताना त्यांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. नुसती बांधलेली दाखवायची तरी कागद लागतोच. हे काम महिनाभर आधी सुरू करा, किंवा म्हैस फ्रेमबाहेर ठेवून फक्त चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज घ्या. तुमच्या बजेटला दुसरं बरं.

मातीकाम

अजून एक राहिलं. शूटिंग जूनच्या आत संपवा. पाऊस लागला की उघड्या हौद्याचा चिखल होतो आणि तो सुकायला आठवडा जातो. शेड असली तरी चारी बाजूंनी वीतभर उंच बांध आणि बाहेरून चर काढा. आणि काम झाल्यावर माती फेकू नका, जवळच्या तालमीला विचारा. चाळलेली, तेल मुरलेली तीन ब्रास माती कुणीही ट्रॉली लावून घेऊन जाईल, तुमचा उचलायचा खर्च वाचेल.